चौदा पासांचा गठ्ठा

"चौदा," पेडणेकर म्हणाले आणि रबराने बांधलेला गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. चौदा पासपोर्ट आणि प्रत्येकात खोचलेला बोर्डिंग पास.

"सगळे?"

"मोजून इलंय, बाई. चौदा खुर्च्या, चौदा पास."

मी रबर काढलं आणि एकेक पास यंत्राखाली सरकवायला लागले. टिंग, हिरवा दिवा. टिंग, हिरवा दिवा. आमच्या भाषेत याला पास वाजवणं म्हणत. एक पास वाजला की पडद्यावर त्या नावापुढे खूण उमटे, म्हणजे तो माणूस विमानात चढला. माणूस त्या वेळी वीस पावलांवर खांबाजवळच्या ओळीत खुर्चीत बसलेला असे, पण यंत्राला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईहून दुपारी सव्वाला लंडनला जाणारं आमचं विमान होतं आणि प्रवासी आत सोडायच्या दाराची मी प्रमुख होते. लंडनच्या विमानाला व्हीलचेअरची रांग ठरलेली. मुलांकडे निघालेले आईवडील, नातवंडं सांभाळायला निघालेल्या आज्या. त्यातल्या चारपाच जणांना खरोखर चालता येत नसे. बाकीच्यांचे पाय धड होते, पण इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांची धास्ती होती. खुर्चीत बसलं की कोणी काही विचारत नाही, ढकलत नेऊन थेट जागेवर सोडतात, हे त्यांच्या मुलांनी फोनवर शिकवून ठेवलेलं असे.

आठवा पास वाजवला तेव्हा नाव दिसलं. शेडगे, द्वारका निवृत्ती. जागा अडतीस सी. मला हायसं वाटलं. हे नाव सकाळपासून माझ्या डोक्यावर होतं. आमचे ड्यूटी मॅनेजर बर्वेसाहेब यांनी सातच्या मीटिंगमध्येच सांगितलं होतं, "पाटणजवळच्या एका खेड्यातल्या बाई आहेत. लंडनला मुलगी आहे, नर्स. उद्या सकाळी आठला तिच्या मेंदूची शस्त्रक्रिया आहे. विमान भरलेलं असून आपण जागा काढून दिली आहे. त्या आज गेल्याच पाहिजेत, उद्याच्या विमानाचा उपयोग नाही." नाव पाठ झालं होतं. चेहरा मात्र मी पाहिला नव्हता.

टिंग. हिरवा दिवा. गेल्या एकदाच्या, मी मनात म्हटलं.

"बरां," म्हणत पेडणेकरांनी गठ्ठा उचलला आणि खुर्च्या आत न्यायला घेतल्या. सत्तेचाळीस वर्षांचा, काटक, कुडाळकडचा माणूस. खुर्च्यांची कामं एका कंत्राटदाराकडे होती, त्याच्याकडे ते अकरा वर्षं होते. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीतून उठवताना ते आधी स्वतःचा अंगठा त्यांच्या मुठीत देत, मग उचलत. त्यांच्या हाताखालच्या दोघांना हे कधी जमलं नाही.

शेजारच्या दाराला मस्कतचं विमान लागलं होतं, दुसऱ्या कंपनीचं. तिथून वर लावलेल्या कर्ण्यातून सारखी घोषणा चालली होती. "मस्कतला जाणाऱ्या प्रवासी हौसाबाई गुरव यांनी त्वरित दार क्रमांक सहाकडे यावे." इंग्रजीतून, हिंदीतून, मराठीतून. विमानतळावर रोज कोणी ना कोणी हरवलेलं असतं. दुसऱ्या कंपनीचं माणूस हरवलं तर आपण ऐकत नाही.

एक दहाला दार बंद झालं. आतून हवाई सुंदरीने डोकी मोजून आकडा सांगितला, दोनशे चौदा. माझ्या पडद्यावर दोनशे चौदा. जुळलं. एक बाराला मी यादी पाठवली.

ही यादी म्हणजे आमच्या जिवाला घोर होता. विमान जमिनीवरून उठायच्या आत प्रत्येक माणसाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक लंडनच्या सीमेवरच्या अधिकाऱ्यांकडे पोचला पाहिजे. यादीत आहे तो विमानात हवा आणि विमानात आहे तो यादीत हवा. कोण येतंय हे त्यांना आपण पोचण्याआधी कळलं पाहिजे, हा त्यांचा कायदा, आणि तो पाळायची जबाबदारी माणसं नेणाऱ्या कंपनीची. चुकलं की कंपनीला दंड. दंड आला की कंपनी आत वळून बघते, कोणाच्या हातून झालं. आदल्याच महिन्यात माझी यादी अकरा मिनिटं उशिरा गेली होती आणि माझ्या फायलीत ताकिदीचं एक पत्र लागलं होतं. सोमवारी सुपरवायझरांची नावं लागायची होती. तीनदा हुकलेली बढती. चाळिशी आली होती माझी.

घसा सुकला होता. मी पाण्याच्या नळाकडे गेले.

नळामागच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. मळखाऊ रंगाचं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मला बघून ती जराशी हलली.

"बाय, लंडनचं इमान कवा सुटायचं गं?"

हातातला पेला तसाच राहिला.

"तुमचं नाव काय, आजी?"

"द्वारका शेडगे."

मी खाली बसले, त्यांच्या तोंडासमोर.

"आजी, तुम्ही इथे कशा? खुर्चीवाले घेऊन गेले नाहीत तुम्हाला?"

"म्या लघवीला गेलते. परत आले तर खुर्च्या न्हाईत, मानसं न्हाईत. म्हनलं, येतील परत न्यायला. त्या भावाकडं माझं बाड हाय समदं, पासपोर्ट हाय, तो कशाला इसरंल?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "उशीर तर न्हाई ना झाला? उद्या सकाळी आठाला छबीचं डोस्कं उघडनार हाईत. तिला म्हनलंय, तुला भूल द्यायच्या आदी मी तिथं असंन."

काचेतून बाहेर विमान दिसत होतं. दारापासून विमानापर्यंतचा पूल मागे घेतलेला होता. ट्रॅक्टर पुढच्या चाकाला लागला होता.

मी टेबलाकडे पळाले आणि बर्वेसाहेबांना फोन लावला. एका दमात सांगितलं.

"पास वाजलाय?"

"वाजलाय सर."

"यादी गेली?"

"गेली."

"डोकी?"

"दोनशे चौदा. जुळली."

"ती बाई इथे बसली आहे तर आत दोनशे तेरा हवेत. मग कुणीतरी एखादं तान्हं मूल मोजलंय. सामान आहे तिचं विमानाच्या पोटात?"

"नाही सर. एक पिशवी फक्त. ती हातातच आहे."

"देवाची कृपा." साहेबांनी सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला. "सामान असतं तर विमान थांबवावंच लागलं असतं. आता ऐक. दुरुस्तीचा निरोप पाठव. शेडगे, अडतीस सी, ऐन वेळी आलीच नाही, नाव वगळावं. दोनशे तेरा. विमान जाऊ दे."

"पण सर, त्यांच्या मुलीची…"

"हेमांगी, ट्रॅक्टर लागलाय. आता परत बोलवायचं म्हणजे कॅप्टनला कारण द्यावं लागेल, मग ते कागदावर येईल, मग वाजलेला पास कोणी वाजवला हे येईल. तुझ्या फायलीत आधीच एक पत्र आहे. सोमवारी काय आहे ते मी सांगायला नको. बाईंना उद्याच्या विमानाने पाठवू. माणसं ऑपरेशनातून उठतात, आणि उठल्यावर आई भेटली तरी आई ती आईच."

साहेब माणूस वाईट नव्हते. माझी बढती व्हावी म्हणून त्यांनीच वर शब्द टाकला होता.

मी निरोप लिहिला. शेडगे, द्वारका निवृत्ती. प्रवासी अनुपस्थित. वगळावे. खांबाकडे न बघता लिहिला. एक एकवीसला कळ दाबली आणि तो गेला. बाहेर ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं.

आता फक्त म्हातारीला सांगायचं राहिलं होतं. मी तिच्याकडे चालत गेले आणि काय बोलायचं ते मनात जुळवत होते, तेवढ्यात पेडणेकर परतले. खालच्या मजल्यावरून, दुसऱ्या विमानाचं माणूस सोडून. म्हातारीला बघून ते जागच्या जागी थांबले.

"ही कोण?"

"शेडगे. अडतीस सी."

"काय बोलतास, बाई?" ते पुढे आले. "अडतीस सीत मी माझ्या हातान बसवलंय एकीक."

"पासपोर्ट कुठाय यांचा? तुमच्याकडे राहिला ना?"

"माझ्याकडे कसो? आत जावन सगळ्यांचे वाटलंय. शेडग्यांचो तिच्या हातात दिलंय. पदराक बांधल्यान तिनं."

मला ते कळायला वेळ लागला. साहेबांचं तान्हं मूल माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. मोजणारीने काही चूक केली नव्हती. आत दोनशे चौदाच माणसं होती. त्यातल्या एकीच्या पदराला द्वारकाबाईंचा पासपोर्ट होता आणि ती द्वारकाबाई नव्हती.

"कशी होती ती?"

"म्हातारी. हिरव्या लुगड्याची. ऐकाक कमी येता वाटता. शेडगे काय, म्हणून इचारलंय तर मान हलवल्यान."

"हिरव्या लुगड्याची?" द्वारकाबाई खालून म्हणाल्या. "ती तर हौसा. तिची खुर्ची कुनीतरी दुसऱ्यासाटी नेली, पासपोर्टबी त्या मानसाकडंच, तर उभीच होती बिचारी. पाय ह्ये एवढाले सुजल्यालं. म्हनलं, म्या जाऊन येते, तवर बस माझ्या खुर्चीत. ल्योक मस्कतला सैपाकी हाय म्हनली तिचा."

वरून कर्णा बोलला. "मस्कतला जाणाऱ्या प्रवासी हौसाबाई गुरव यांच्यासाठी ही अखेरची सूचना आहे."

पेडणेकरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

पुढची दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. हौसाबाई लंडनला उतरणार. त्यांच्याकडे तिथला व्हिसा नाही. हातात दुसऱ्याच बाईचा पासपोर्ट, आणि त्या नावाची बाई विमानात नाही असं आम्हीच लेखी कळवलेलं. ऐकू कमी येणारी, अक्षर न ओळखणारी म्हातारी तिथल्या खोलीत बसून कोणाला काय सांगणार होती? आणि इथे दुसरी. आणि तिसरी लंडनच्या इस्पितळात, दाराकडे डोळे लावून.

मी कमरेचा वॉकीटॉकी काढला. त्यावर आमच्या कंट्रोल रूमचा माणूस असे आणि तो कंपनीच्या रेडिओवरून कॅप्टनशी बोले. साहेबांना आधी विचारायला हवं होतं. टेबलावरचा फोन वाजतही होता, बहुतेक त्यांचाच. मी घेतला नाही.

"लंडनचं विमान परत बोलवा," मी म्हटलं.

"कारण?"

"आत चुकीचा प्रवासी आहे."

खरखर झाली. विमान धावपट्टीच्या वाटेवर वळलेलं काचेतून दिसत होतं. पुढे दोन विमानं रांगेत होती. पेडणेकर काचेला हात टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावेत.

"कॅप्टन विचारतायत, डोकी जुळली आहेत, मग प्रॉब्लेम काय?"

"त्यांना सांगा, आकडा बरोबर आहे, माणूस चुकलंय. अडतीस सी. त्यांना म्हणावं, कोणाला तरी पाठवून नाव विचारा फक्त. हौसा, असं मोठ्याने म्हणा आणि बघा."

पुढच्या दोनपैकी एक विमान उडालं. दुसरं पट्टीवर गेलं. आमचं एक विमानभर पुढे सरकलं. द्वारकाबाई उठून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. काय चाललंय ते त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण आम्ही कुठल्या विमानाकडे बघतोय ते कळलं होतं.

"ते माझं हाय काय गं?"

मी मान हलवली.

"जातंय व्हय?"

मघाशी याच बाईला मी एका ओळीत वगळलं होतं. त्यांनी माझा हात धरला. खरखरीत हात, कामाचा. तो सोडवून घ्यावा असं मला वाटलं, इतकी लाज वाटली.

मग रेडिओ खरखरला. "मॅडम, अडतीस सी. हौसा म्हटल्यावर बाई हसल्या म्हणे. ओ म्हणाल्या. कॅप्टन परत येतायत."

पेडणेकरांनी काचेवर डोकं टेकलं.

पूल परत लागला, दार उघडलं. हौसाबाई पुलावर आल्या त्या पदर सावरत, खुशीत. खुर्चीत बसायलाही तयार नव्हत्या.

"आलं व्हय मस्कत?" त्या म्हणाल्या. "लई बिगीनं आलं की!"

"मस्कत कुठलं, भवाने," द्वारकाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या. "हितंच हाईस तू अजून. खुर्ची दिली बसायला, तर माझं इमानच घिऊन चाललीस! आन ते माझं बाड."

हौसाबाईंनी पदराची गाठ सोडली. पासपोर्ट बाहेर काढून बघितला, आतला फोटो बघितला, मग द्वारकाबाईंकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. दोघीही हसल्या. त्या अरुंद पुलावर आम्ही सगळे घामाघूम, आणि त्या दोघी एकमेकींच्या दंडाला धरून हसतायत.

मस्कतचं विमान अजून होतं. हौसाबाई आल्या नाहीत तर त्यांची सुटकेस विमानाच्या पोटातून शोधून काढल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. सुटकेस सापडण्याआधी बाईच सापडली. द्वारकाबाईंना पेडणेकरांनी स्वतः आत नेलं. खुर्ची नव्हती जवळ, मग अंगठा त्यांच्या मुठीत दिला आणि चालवत नेलं. मी यादी नव्याने केली. दोनशे चौदा. या वेळी आत जाऊन अडतीस सीपाशी उभं राहून चेहरा आणि फोटो दोन्ही बघितले. एक एकोणसाठला विमान परत मागे ढकललं गेलं.

चौकशी शनिवारी झाली. बर्वेसाहेब, कंपनीचा एक मोठा अधिकारी, कंत्राटदार, पेडणेकर आणि मी. साहेबांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की एक एकवीसच्या निरोपाला आपण 'दुरुस्तीची पहिली पायरी' म्हणू. शेवटी विमान तूच बोलावलंस, तेवढंच लक्षात ठेव.

अधिकाऱ्याने पेडणेकरांना विचारलं, "पास माणसाबरोबर आणायचा हा नियम आहे. गठ्ठ्याने कोणाच्या सांगण्यावरून आणलेत?"

पेडणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग समोर पाहिलं.

"माझीच सवय ती, सायबानू. बाईंचो काय संबंध नाय. त्यांच्यामुळा तर निभावला."

खोलीत पंखा फिरत होता. मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले.

कंत्राटदाराने त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. सोमवारीच माझं नाव लागलं. सोबत एक पत्र होतं, प्रसंगावधानाबद्दल. पेडणेकर विमानतळात शिरायचा आपला पास परत करायला आले होते तेव्हा मला बघून म्हणाले, "पेढे कधी देतास?" खरोखर आनंदाने म्हणाले. मी म्हटलं, देते. ते गावी गेले असं नंतर कोणाकडून तरी कळलं.

चार महिन्यांनी लंडनहून सकाळचं विमान आलं. आता मी येणाऱ्या विमानांवरही देखरेख करत असे. खुर्च्यांची रांग पुलावरून बाहेर आली आणि शेवटच्या खुर्चीतून हाक आली, "ए बाय! तूच ना गं ती?"

द्वारकाबाई जरा वाळल्या होत्या. अंगावर परदेशी कोट, खाली तेच लुगडं.

"छबी कशी आहे?" मी विचारलं. मला भीती वाटत होती.

"बरी हाय. डाव्या हाताला थोडं कमी हाय अजून. पन भुलीच्या आदी मी पोचले, बाय. म्हनली, आये, आता मी भीत न्हाई." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच पिशवीत हात घातला. "ह्यो बिस्किटाचा डबा तुला. आन ह्ये त्या भावाला. कुठं हाय तो?"

हाताने विणलेला स्वेटर होता. तपकिरी.

"छबीनं इनलाय. डाक्टर म्हनला हाताला काम द्या, तर म्हनली त्या भावासाटी करते. माप काय ठावं नव्हतं, म्या सांगितलं तसं केलं. हात कापतोय तिचा, येक बाही जरा लांब झालीया. त्याला म्हनावं, आत दुमडून घे."

ते आता इथे नाहीत, एवढं सांगायचं होतं. का नाहीत, असं त्यांनी विचारलं असतं.

"देते," मी म्हटलं.

अठरा वर्षं तो स्वेटर माझ्या कपाटात आहे. दर मे महिन्यात मी तो उन्हात घालते आणि परत घडी करून ठेवते. पेडणेकरांचा पत्ता मिळाला नाही असं नाही. त्यांच्या जुन्या पासाच्या अर्जावर तो होता, आणि तो अर्ज माझ्याच खात्यात होता. कोण कुठून निघालं, कुठे उतरलं, कुठे राहतं, ही माहिती गोळा करण्यातच माझी नोकरी गेली. मु. पो. पाट, तालुका कुडाळ. पहिल्याच वर्षी मी तो वहीत उतरवून ठेवला होता.

वर सगळं सांगितलं, पण सुरुवातीचं थोडंसं मी गाळलं. चौकशीतही गाळलं होतं. त्या दिवशी गठ्ठा टेबलावर ठेवायच्या आधी पेडणेकर तो हातात धरूनच उभे राहिले होते.

"बाई," ते म्हणाले होते, "आज दोन इमानांचे म्हातारे एकाच ओळीत बसले हत. माका बरा दिसना नाय. एकेकाक तुमच्या फुडे आणतंय. तुमी नाव इचारा नि मगे वाजवा."

आणि मी घड्याळाकडे बघत म्हणाले होते, "नावं विचारत बसले तर यादी उद्या जाईल. रोजचंच आहे, पेडणेकर. टाका इकडे."

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात ते प्रसंगावधानाचं पत्र कोणीतरी फायलीतून काढून वाचून दाखवलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी वहीतला पत्ता काढला. परवाचं कुडाळचं तिकीट आहे. स्वेटर पिशवीत भरून झालाय. बाही मी उसवून नीट करणार होते, पण केली नाही. दार त्यांनीच उघडलं तर आधी स्वेटर हातात द्यायचा, की आधी ते बोलायचं जे मी त्या खोलीत बोलले नाही, एवढंच अजून ठरत नाही.